सांगितलं की गुण जातो

दिवाळी उरकली की नवीन जालन्यातल्या औषधांच्या दुकानांमध्ये काउंटरची मांडणी बदलते. उन्हाळ्यापासून पुढे असलेली ग्लुकोजची पाकिटं मागच्या फळीवर जातात आणि त्यांच्या जागी गडद रंगाच्या बाटल्या येतात. बाटलीवर एक गुबगुबीत, हसरं मूल असतं. त्याच्या भोवती ढालीचं चित्र असतं आणि खाली ठळक अक्षरांत एकच शब्द छापलेला असतो, इम्युनिटी. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर संध्याकाळी एखादा बाप मोटरसायकल कडेला लावतो, कानाचा रुमाल सोडतो आणि आत डोकावून विचारतो, "लहान लेकरासाठी काही ताकदीचं हाय का?" तो इम्युनिटी म्हणत नाही. प्रतिकारशक्ती तर नाहीच नाही. तो ताकद म्हणतो आणि दुकानदाराला ते बराबर कळतं.

याच दिवसांत जाफराबादकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांनी तूर पिवळी होते. कपाशीच्या शेवटच्या वेचण्या चालू असतात. सकाळी एसटीच्या काचेवर आतून वाफ धरते आणि कुणीतरी बोटाने त्यात खिडकी काढून बाहेर बघत असतं. हरभरा अजून वीतभरच असतो, पण त्याच्या पाल्यावर दव पडलं की वाऱ्याला एक आंबूस वास येतो. हा वास आला की एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात विशेष असं काही घडलं नाही, असंच पुढे सगळे म्हणत आले. घडलं ते एवढंच की एक लहान मुलगी बरी झाली.

माझी मुलगी, जुई, तेव्हा दोन वर्षांची होती. पावसाळ्याच्या शेवटापासून तिची सर्दी हटत नव्हती. एक खोकला जायचा आणि त्याची जागा कुणी धुऊन पुसून ठेवली असावी तसा दुसरा यायचा. नवीन जालन्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खिडक्या लावलेल्या असायच्या, कारण खाली ट्रकांचा रस्ता होता. वंदना, जुईची आई, जाफराबादच्या पलीकडच्या एका खाजगी शाळेत शिक्षिका होती. कित्येक वर्षं तासिकेवर काढल्यावर तिला तिथे कायमची जागा मिळाली होती. मुलीच्या आजारपणात तिची सगळी रजा संपत आली. संक्रांत झाली की हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला देऊ, असं शाळेने स्पष्ट कळवलं होतं. जालन्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी जुईला तपासलं आणि काळजी करण्यासारखं काही नाही, असं सांगितलं. या वयात मुलं वारंवार सर्दी-खोकल्याने आजारी पडतात, शरीर तेव्हाच शिकत असतं. लस चुकवू नका, जेवू द्या, झोपू द्या, उन्हात खेळू द्या. दर खोकल्याला बाटली उघडू नका.

उन्हात खेळू द्यायचं तर ऊन हवं. म्हणून हिवाळाभर जुईला वंदनासोबत गावी ठेवायचं ठरलं. गाव वंदनाच्या शाळेच्या वाटेवर होतं. तिथे माझा थोरला भाऊ, दादा, आणि वहिनी राहतात आणि माझी आत्या. आत्या फार लवकर माहेरी परत आली आणि घराचा कारभार तिने तेव्हापासून कुणाला विचारून केला नाही. सिमेंटचं चार खोल्यांचं घर, समोर फरशी घातलेलं अंगण, अंगणापलीकडे डांबरी रस्ता आणि जीपचा थांबा. बेत असा होता की तोवर लेकरू सुधारलं आणि घरात रुळलं तर वंदनाने संक्रांतीनंतर नोकरीवर जायचं. नाही सुधारलं तर जायचं नाही.

पहिल्या दिवशी आत्याने जुईचा दंड दोन बोटांत धरून बघितला.

"कशानं गं वाळली ही? डब्यातल्या घरात ठेवून ठेवून लेकराची ताकद गेली."

"आत्याबाई, त्याला फ्लॅट म्हणतात," वहिनी म्हणाली.

"म्हणू द्या. झाकण लावलं की डबाच तो."

दादाने बाजू वेगळ्या तऱ्हेने मांडली. तो कंपनीसाठी मिरचीचं बी पिकवतो. त्याच्या वावरात एका कोपऱ्यात शेडनेट आहे, पांढऱ्या जाळीचं मोठं खोपटं. रोपं आधी तिथे सावलीत, गाळलेल्या हवेत वाढतात. दादा म्हणाला, "शेडनेटमधलं रोप एकदम भर उन्हात लावलं की मान टाकतं. आधी दोन-चार दिवस पाणी कमी करायचं. जाळी थोडी थोडी वर घ्यायची. वारं लागू द्यायचं. मंग ते काटक होतं."

काटक हा शब्द बाटलीवर कधी छापलेला दिसला नाही. तो धष्टपुष्ट नाही, बलवानही नाही. काटक माणूस दिसायला बहुधा किरकोळच असतो. पण थंडी त्याच्यावरून जाते आणि तो तिथेच उभा असतो. मुलाने तसं असावं, एवढीच बहुतेक आईबापांची अपेक्षा असते.

सकाळी ऊन अंगणाच्या फरशीवर उतरलं की जुईला बाजेवर घ्यायचे. करडईचं तेल वाटीत कोमट केलेलं असायचं, त्यात लसणाच्या पाकळ्या आणि ओवा. आत्याचा हात जड होता, पण जुई रडत नसे. ती आत्याच्या बांगड्या मोजल्यासारखं करायची. तेल चोळून झालं की अंगाला उन्हाचा एक उबदार, किंचित तळणीसारखा वास यायचा. तो वास आजही हिवाळ्यातल्या कुठल्याही अंगणावरून जाताना ओळखू येतो.

स्वयंपाकघराच्या ओट्याच्या कोपऱ्यात सहाण होती. मराठी घरात मुलाला घुटी देण्याची रीत सगळ्यांना माहीत आहे. हळकुंड, वेखंड, सुंठ, बाळहिरडा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. एकेक जिन्नस दुधाच्या थेंबावर सहाणेवर फिरवायचा आणि जे पांढरट, पिवळट गंध उतरतं ते बोंडल्याने पाजायचं. कशाचे किती वेढे हे ज्याचं त्याला ठाऊक. खोकला असेल तर एखादी वस्तू वाढते, पोट बिघडलं तर दुसरी. आणि लेकरू किरकिर करत असेल, झोपत नसेल, तर जायफळ.

या घरात मात्र घुटीला आणखी एक नियम जोडलेला होता. लेकराला काय दिलं ते बोलून दाखवायचं नाही. कुणी विचारलं तर "काही न्हाई, असंच" म्हणायचं. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो. लेकरू बरं झालं हेही सांगायचं नाही, सांगितलं की दृष्ट लागते. आत्या हा नियम इतक्या कडकपणे पाळायची की शेजारणीने "कशी हाय पोरगी?" असं विचारलं तर ती मान हलवून "काय सांगायचं" एवढंच म्हणायची आणि शेजारीण हळहळून जायची. जुई त्याच वेळी दोघींच्या मधून कोंबडीच्या मागे धावत असायची.

मार्गशीर्ष निम्मा झाला आणि खोकला खरोखर कमी झाला. जुई शांत झाली. दुपारी निजायची ती चांगली दिवे लावण्याच्या वेळेपर्यंत. संध्याकाळी थोडी खेळायची आणि पुन्हा मांडीवर कलंडायची. तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं, पण घर खूश होतं. वहिनी भाकरी थापताना गुणगुणायची. वंदनाने शाळेची इस्त्रीची साडी पेटीतून बाहेर काढून खुंटीला लावली. जेवण तेवढं तुटलं होतं. वाटीतली मऊ खिचडी तशीच राहायची. झोपेत वाढतात लेकरं, असं आत्या म्हणाली.

ती रविवारची सकाळ होती, म्हणून मी जालन्याहून गावी आलो होतो. ऊन अंगणात उतरलं, तेलाची वाटी कोमट झाली आणि वंदना जुईला उठवायला आत गेली. तिने हाक मारली. मग गालावर पाणी लावलं. मग तिने जुईला उचलून बसवलं तर मान एका बाजूला पडली. डोळे किंचित उघडले आणि पुन्हा मिटले. अंगात ताप नव्हता. श्वास चालू होता. पण मूल जागं होत नव्हतं.

वंदनाने आरडाओरडा केला नाही. ती तशीच अनवाणी जुईला घेऊन रस्त्यावर जाऊन उभी राहिली. बाजारची जीप आली ती दादाने हात आडवा करून थांबवली. आत बसलेल्यांनी न विचारता आम्हा सगळ्यांना जागा केली. जाफराबादला एक डॉक्टरीणबाई रविवारीही सकाळचा दवाखाना उघडा ठेवतात. त्यांनी जुईची छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, तळपायाला टिचकी मारली. जुईने पाय ओढून घेतला आणि कुरकुर केली. बाईंनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला.

"काय दिलं हिला?"

वंदना सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"औषध? काढा? घुटी? कुणी काही चाटवलं?"

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी म्हणाली, "सकाळची घुटी असते. रोजचीच. त्यात जराशी जायफळ."

वहिनीने मान वळवली. "तुम्ही देता?"

"मंग? कोण देणार?"

"अहो, मी देते ना! दुपारची. दुधात उगाळून."

"तू कशाला देऊन राह्यली? मी देते म्हणल्यावर?"

"तुम्ही देता हे मला कुणी सांगितलं?"

"मंग तू तरी सांगायचं न्हाई का, बाई?"

"तुम्हीच तर म्हणता, सांगितलं की गुण जातो!"

डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "आणखी कोणी?"

दादा दाराशी उभा होता. भिंतीवर लसीकरणाचा तक्ता होता आणि तो तक्ता तो फारच लक्ष देऊन वाचत होता.

"भाऊ, तुम्ही?"

"मी काय," दादा म्हणाला. "मी फक्त संध्याकाळी."

"फक्त संध्याकाळी काय?"

"जायफळच. मधात कालवून. तिचा खोकला ऐकवत न्हाई मला."

वहिनी उठून उभी राहिली. "तुम्हाला सहाण सापडली? घरात पाण्याचा गिलास सापडत न्हाई तुम्हाला, अन् सहाण बरी सापडली!"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट हसले. आत कुणी हसलं नाही, कारण वंदना हसली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी राग धरला नाही. जायफळाने गुंगी येते आणि लहान अंगात ती जास्त येते, हे त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एकाने तरी कशाला द्यायचं, इथे तर तिघं देत होते. वेखंडही बंद. पोटात दिवसभर उगाळलेलंच जात असेल तर भूक कुठून लागणार आणि भूक नसेल तर ताकद कुठून येणार. दिवसभर इथेच राहू द्या, मी बघत राहीन, काही वाटलं तर जालन्याला पाठवू. मग त्यांनी जुईचं लसीचं कार्ड मागवलं आणि घरी धूर होतो का ते विचारलं. रोज संध्याकाळी ओव्याची धुरी होत होती. खोलीचं दार लावून, जुईला मध्ये ठेवून. तीही बंद, असं बाई म्हणाल्या. खोकल्याला धूर म्हणजे आगीवर तेल.

त्या दिवसाचा मधला वेळ आता नीट आठवत नाही. दवाखान्याच्या मागच्या अंगाला बोरीचं झाड होतं. बाजारातून कोथिंबिरीचा आणि डिझेलचा वास येत होता. आत्या पायरीवर बसून होती आणि येणाऱ्या जाणाऱ्याला जागा देण्यासाठी सारखी सरकत होती. वंदना जुईजवळून हलली नाही. एकदा पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा ती आवाज न चढवता म्हणाली, "उद्या शाळेत फोन करते. येत नाही म्हणून सांगते. लेकरू कुणाच्या भरवशावर ठेवू?"

तिने प्रश्न कुणाला विचारला नव्हता. पायरीवरच्या आत्याने मान खाली घातली. तिघांनी जे केलं त्यात माया सोडून दुसरं काही नव्हतं, हे वंदनाला ठाऊक होतं. अडचण तीच होती. वैर असतं तर दार लावता आलं असतं.

ऊन कलल्यावर जुई जागी झाली. आधी रडली, मग अंगठा तोंडात घातला आणि मग तिने भाकरी मागितली. दादा धावत जाऊन समोरच्या खानावळीतून बाजरीची भाकरी घेऊन आला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं तपासलं आणि मान डोलावली. जुईने भाकरीचा पापुद्रा काढून खाल्ला. कितीतरी दिवसांनी ती स्वतःच्या हाताने खात होती.

वंदनाने दुसऱ्या दिवशी शाळेत फोन केला नाही. संक्रांतीपर्यंत बघू, असं ती म्हणाली. तिने घरात एकच नियम घातला. जुईच्या तोंडात काहीही गेलं, पाण्याचा घोट का असेना, तरी ते मोठ्याने सांगायचं. जो देईल त्याने सांगायचं आणि सगळ्यांना ऐकू जायला हवं.

वहिनीला हे लगेच जमलं. दादाला थोडं लाजत जमलं. तो वावरातून आला की रेडिओवरच्या निवेदकासारखा दारातूनच म्हणायचा, "एक पेरू दिला जाणार आहे." आत्याची पंचाईत झाली. जन्मभर जे ओठांआड ठेवलं ते अंगणात कसं बोलायचं? पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून, तिऱ्हाइतासारखं बोलायची. "कुणीतरी लेकराला मोसंबीच्या दोन फोडी दिल्या म्हणं." कुणी दिल्या असं विचारलं तर ती "असतील कुणीतरी" म्हणून उठून जायची. वहिनी तोंडाला पदर लावून हसायची.

बाकी जे झालं त्यात नवल काही नव्हतं. सहाण फळीवर गेली. धुरी थांबली आणि संध्याकाळी खिडक्या उघड्या राहू लागल्या. राहिलेली एक लस उपकेंद्रात देऊन झाली. दादा फवारणी करून आला की कपडे बाहेर काढून, साबणाने हात धुऊनच जुईजवळ जाऊ लागला. वहिनीला पडसं झालं तेव्हा तिने चार दिवस जुईचा मुका घेतला नाही आणि आपण फार मोठा त्याग केला असं सांगत फिरली. जुई उन्हात अनवाणी खेळली. मातीत बसली. दुपारी पोटभर जेवून निजली आणि आपली आपण उठली. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी तिला आवडू लागली, मग मेथीचं धपाटं, मग गूळ घातलेली ज्वारीची आंबील. भूक लागली की मूल खातं, ही गोष्ट सांगण्यासारखी नाही. पण ती भूक लागेपर्यंत थांबायला फार धीर लागतो आणि काळजीत असलेल्या घरात नेमका तोच नसतो. काही न देता बसून राहणं हे माया करणाऱ्या माणसाला काही न करण्यासारखं वाटतं.

पौषात जुई पुन्हा खोकली. आत्याची नजर फळीकडे गेली, पण हात गेला नाही. श्वास जलद झाला, ताप चढला, पाणी पिणं सोडलं तर घेऊन या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं. तसं काही झालं नाही. कोमट पाणी, मधाचं एक बोट, अंगावर सुती झबलं आणि आईची मांडी, एवढ्यावर तो खोकला आला तसा गेला. त्यात कुणाचं काही कर्तृत्व नव्हतं. ज्याला ताकद म्हणतात ती कदाचित अशीच असते, कुणी न बघता आपलं काम करणारी.

जुई आता प्राथमिक शाळेत आहे. सर्दी तिला आजही होते. थंडी पडली की नाक वाहतं, दोन दिवस शाळा बुडते आणि तिसऱ्या दिवशी ती बोरं पाडायला झाडावर असते. औषधांच्या दुकानातली ती ढालीची बाटली दिसली की तिला ती घ्यावीशी वाटते, पण ती बाटलीबरोबर मिळणाऱ्या प्लास्टिकच्या गाडीसाठी.

त्या वर्षी संक्रांतीनंतरच्या सोमवारी वंदना इस्त्रीची साडी नेसून सकाळी थांब्यावर आली. मीही जालन्याकडच्या गाडीची वाट बघत तिथेच उभा होतो. तिची जाफराबादची जीप भरत आली होती. हरभऱ्याला घाटे धरले होते आणि कुणीतरी मोळीभर टहाळ जीपच्या टपावर टाकला होता. वंदनाने एक पाय आत ठेवला आणि दुसरा रस्त्यावरच राहिला. ती घराकडे बघत होती. अंगण तिथून दिसत होतं, पण बाज भिंतीच्या आड होती.

"बसा मॅडम, जल्दी बसा," ड्रायव्हर म्हणाला. "मागं एसटी लागली."

"एक मिनिट," वंदना म्हणाली आणि तशीच उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. तिने रस्त्यावरचा पाय उचलला नाही. दोन्हीपैकी कुठला पाय हलणार हे त्या क्षणी सांगता आलं नसतं.

तेव्हा आत्या अंगणाच्या कडेला आली. कडेवर जुई होती. जुईच्या दोन्ही हातांत धपाट्याचे तुकडे होते, गालाला लोणी लागलेलं होतं आणि ती जीपकडे नाही, रस्त्यावरच्या कुत्र्याकडे बघत होती. आत्याने इकडेतिकडे बघितलं. थांब्यावर निम्मं गाव उभं होतं. तिने घसा साफ केला.

"वंदने! रातभर खोकली न्हाई!" आत्याचा आवाज रस्ता ओलांडून आला. "अर्धं धपाटं खाल्लं! लोणी खाल्लं! आता पेरू मागून राह्यली! म्याच दिलं सगळं, म्या! लेकरू ठणठणीत हाय! जाय तू!"

थांब्यावरच्या माना वळल्या. जीपमध्ये बसलेली एक म्हातारी वंदनाकडे सरकून हळूच म्हणाली, "असं मोठ्यानं बोलू न्हाई, माय. दृष्ट लागते लेकराला."

"लागू द्या," वंदना म्हणाली, आत बसली आणि दार ओढून घेतलं.